मंगळवारी लेकीचा मेल येतो

२ सप्टेंबर, सोमवार

नवी नोकरी, नवं गाव, म्हणून वहीही नवी. आठ वर्षं कॉल सेंटरमध्ये कानाला हेडफोन लावून लोकांचा राग ऐकला. आता माणसं समोर बसणार, चहाचा कप हातात घेऊन, आणि रागावली तरी तोंड बघून रागावणार. एवढ्यावरच मी खूश आहे.

वाचनालयाच्या जिन्याखाली माझं टेबल आहे. एक संगणक, दोन खुर्च्या, मागे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. वर पाटी : ‘संगणक मदत. प्रश्न कितीही साधा असला तरी विचारा.’ ग्रंथपाल सर बोलायला कमी, पण किल्ली देताना म्हणाले की आधीच्या बाई महिन्यापूर्वी एकाएकी सोडून गेल्या आणि तेव्हापासून लोक त्यांनाच मेलबद्दल विचारून हैराण करताहेत. सरांना स्वतःचा मेल उघडता येत नाही, हे त्यांनी आवाज खाली करून सांगितलं.

पहिल्याच दिवशी सात जण. निवृत्त शिक्षकांनी आपला पासवर्ड अक्षर अक्षर मोठ्याने म्हणत टाइप केला, आता तो अख्ख्या वाचनालयाला पाठ आहे. बेकरीवाल्या बाईंचं दुकान वेबसाइटवरच्या नकाशात भर नदीत दाखवत होतं. ते काठावर आणलं. बाईंनी पावाची अख्खी लादी दिली.

खोली इस्त्रीवाल्याच्या दुकानावर आहे, जमीन सतत कोमट असते. ताईचा फोन आला. मोठी बहीण असल्याने तिला सगळं आधीच माहीत असतं. म्हणाली, महिनाभरात कंटाळशील, तेव्हा मला बोलव, मी येऊन सामान बांधून देते.

३ सप्टेंबर, मंगळवार

अकराच्या ठोक्याला घड्याळवाले काका आले. समोरच्या गल्लीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. पन्नास वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावून काम केलं, आता अक्षरं मुंग्यांसारखी पळतात म्हणतात. केसाएवढी स्प्रिंग बसवणारा हात, पण माउस धरला की थरथरतो. गंमत वाटली आणि वाईटही.

त्यांची एकुलती लेक परदेशात नर्स आहे. दर मंगळवारी तिचा मेल येतो. आधीच्या बाई वाचून दाखवायच्या, आता मी. फोनवर बोलणं होत नाही, तिच्या ड्यूटीच्या वेळा उलट्या. मेल साधाच होता. वॉर्डातली एक म्हातारी पेशंट तिला रोज नव्या नावाने हाक मारते, खिडकीतलं झाड वाढलंय, बाबा, गुडघ्याला तेल लावा. काका डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी उत्तर सांगितलं, मी टाइप केलं. तीन ओळींसाठी वीस मिनिटं लागली, कारण प्रत्येक वाक्य ते खोडायला लावायचे.

जाताना म्हणाले की आधीच्या बाई घाईत वाचायच्या. पोरी, तू वाचलंस तर लेकच बोलतेय असं वाटलं.

कॉल सेंटरमध्ये आठ वर्षांत असं कोणी म्हणालं नव्हतं.

१० सप्टेंबर, मंगळवार

आजच्या मेलमध्ये माझाही उल्लेख. ‘नवी मुलगी छान वाचते, बाबा. तिला सोडू नका.’ मी थांबले. मागच्या उत्तरात काकांनी माझ्याबद्दल काही सांगितलं नव्हतं, मीच तर टाइप केलं होतं. विचारलं तर काका हसून म्हणाले, मुलींना बापाच्या मनातलं कळतं.

असेल. काकांनी दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलं असेल.

काकांना तिचे मेल घरी पुन्हा पुन्हा ऐकायचे होते. पुतण्याने दिलेला फोन पिशवीत तसाच पडून होता. मी त्यात त्यांचं अकाउंट जोडलं, आणि मेल आला की फोनने आपोआप मोठ्याने वाचावा अशी सोय करून दिली. मशीनचा सपाट, नाकातला आवाज. तरी काकांनी फोन कानाशी धरला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. आजचा दिवस सार्थकी लागला.

१२ सप्टेंबर, गुरुवार

काकांचा इनबॉक्स जाहिरातींनी तुडुंब भरलाय. त्यांनीच सांगितलं होतं की जुना कचरा काढ, म्हणून दुपारी बसले. तळाशी जावयाचा एक मेल सापडला. चौदा महिन्यांपूर्वीचा.

त्यात लिहिलंय की काकांची लेक ड्यूटीवरून येताना गाडीच्या अपघातात गेली. अंत्यविधी तिकडेच उरकले. फोन लागत नाही, म्हणून जो कोणी हा मेल वाचेल त्याने बाबांना जवळ बसवून, हळूहळू सांगावं.

मेल उघडलेला होता. कोणीतरी वाचलेला.

मी तीनदा तारीख पाहिली. मग नाव पाहिलं. मग उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

सरांकडून आधीच्या बाईंचा नंबर घेतला. मी काकांचं नाव काढताच त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, जावयाचा मेल वाचायला तोंड उघडलं, काका समोर आशेने बसले होते, आणि तोंडातून निघालं की लेक मजेत आहे. पुढच्या मंगळवारी काका पुन्हा हजर. मग त्यांनी लेकीच्या नावाचं एक अकाउंट उघडलं आणि दर आठवड्याला स्वतःच मेल लिहू लागल्या. झाड त्यांनीच लावलं, म्हातारी पेशंट त्यांनीच उभी केली. वर्षभर. शेवटी सहन होईना म्हणून नोकरी सोडली. जाण्याच्या दिवशी, एकतीस जुलैला, ते अकाउंट कायमचं डिलीट केलं.

मी म्हटलं, मेल अजून येताहेत.

 त्यांनी एकच विचारलं : तुम्ही ते मोठ्याने वाचता का?

मी हो म्हटल्यावर फोन कट. नंतर लागलाच नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

कोणीतरी खोडसाळ माणूस हे करतोय, असं मनाशी ठरवून टेबलावर बसले. आज काकांना खरं सांगायचं, हेही ठरवलं होतं.

मेल आला. झाड, पेशंट, गुडघ्याचं तेल. आणि शेवटी : ‘बाबा, आता एकटे राहू नका. माझ्याकडे या. लोकांची घड्याळं देऊन टाका आणि बॅग भरून बसा, मी सांगेन तेव्हा निघायचं.’

काका डोळे मिटून बसले होते. ओठांवर हसू. ते गाळून मी वाचलं, बाबा, तब्येतीला जपा, तुमची लाडकी.

मला त्या बाईंचा राग आला होता ना? मीही तेच केलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

सरांना सगळं सांगितलं. ते पांढरे पडले, पण म्हणाले की आधी जे हातात आहे ते करा. पासवर्ड बदलला. तो पत्ता ब्लॉक केला. ज्या अकाउंटवरून मेल येतो ते शोधलं. असं अकाउंटच अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं.

काकांच्या फोनमधला मेल मात्र त्यांना न विचारता बंद करता आला नाही. दुकानात गेले तर ते एका गिऱ्हाइकाला घड्याळ परत देत होते. दुरुस्ती न करताच.

२४ सप्टेंबर, मंगळवार

ब्लॉक करूनही मेल आला. पहिलीच ओळ : ‘पोरीने मागच्या वेळी माझं वाक्य गाळलं, बाबा.’

मी वाचायच्या आत काकाच शांतपणे म्हणाले, “फोनने मला पूर्ण वाचून दाखवलं होतं पोरी. तू का गाळलंस?”

मग मात्र मी सांगितलं. खुर्ची जवळ ओढली, त्यांचा हात धरला आणि जावयाचा मेल वाचला, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. ते रडले नाहीत. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

“मग माझ्याशी रोज कोण बोलतंय?” त्यांनी विचारलं.

रोज. मी म्हटलं, मेल तर मंगळवारी येतो. ते म्हणाले, फोन रोज वाचतो. सकाळी आणि दिवेलागणीला.

मी फोन मागितला. त्यांनी तो छातीशी धरला.

“जिवंत होती तेव्हा सहा-सहा महिने तिला बापाची आठवण यायची नाही,” काका म्हणाले. “ही रोज विचारते, जेवलात का. कोण का असेना, माझ्यापासून तोडू नकोस.”

मी विनवलं. सरही येऊन बोलले. काका उठले, दोघांना नमस्कार केला आणि गेले. जिन्याखाली मी एकटीच. तो उघडा मेल तसाच समोर. त्याच्या शेवटी माझ्यासाठी एक ओळ होती.

‘तुझं काम झालं.’

२७ सप्टेंबर, शुक्रवार

काका दोन दिवस दिसले नाहीत. दुकानाचं शटर खाली. शेजारच्या चांभाराने सांगितलं की बुधवारी त्यांनी सगळी घड्याळं चिठ्ठ्या लावून घरोघर पोचवली. आतून कोणी बाई बोलल्याचा आवाज येतो, पाहुणी असेल असं त्याला वाटलं.

सरांनी बोलावलेल्या पोलिसांनी शटर उचललं. काका खुर्चीत बसलेले. इस्त्रीचा शर्ट, पायाशी भरलेली बॅग. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं, काल सकाळीच.

फोन मांडीवर होता. वाचत होता अजून. ‘निघा बाबा, निघा बाबा, निघा.’

मी तो मशीनचा आवाज ओळखते, मीच निवडून दिला होता. तो नव्हता.

माझा आवाज होता.

चार आठवडेही झाले नाहीत. तीनच मेल — तीनच तर वाचले मी —

१ ऑक्टोबर, मंगळवार

अकरा वाजता टेबलावरच्या संगणकावर मेल. काकांच्या पत्त्यावरून.

‘पोरी, पोचलो. लेक इथे नाही. इथे जे आहे त्याला स्वतःचा आवाज नाही. ते वाचून घेतं. तू वाचू नकोस’

पुढे काही नाही. पूर्णविरामही नाही.

मी हे मोठ्याने वाचलं का? आठवत नाही. सर म्हणतात की माझे ओठ हलत होते.

सरांनी संगणकाची वायर काढली. मी राजीनामा कागदावर लिहून दिला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला.

२ ऑक्टोबर, बुधवार

सामान बांधत होते. ताईचा मेसेज. ‘तुझा मेल मिळाला. उद्या साडेदहाच्या बसने येते. रडू नकोस गं.’

मी मेल केलेला नाही.

लगेच फोन लावला. नको येऊस म्हटलं.  ती अनोळखी माणसाशी बोलावं तशी बोलली, की माझ्या बहिणीने मला सांगून ठेवलंय, तिच्या आवाजात कोणीतरी फोन करेल. तुम्ही कोण आहात? तिला का छळता?

मी लहानपणीचं सांगितलं. बाबांची हाक, हातावरचा भाजल्याचा डाग, सगळं.

ती म्हणाली, हेही ती म्हणाली होती, की तुम्हाला सगळं माहीत असेल.

नंतर फोन उचलत नाही. ताईच्या शेजारणीचा नंबर — चुकीचा. दोनदा चुकीचा. नंबर मला पाठ आहे.

इस्त्रीवाल्याच्या फोनवरून केला. ताईच्या नंबरवर मीच बोलले. मीच उचलला. म्हणाले, हॅलो, कोण?

३ ऑक्टोबर, गुरुवार

बसथांब्यावर. फोन खोलीतच टाकून आले. ही वही आणि पेन, बास. कागद कोणी वाचून घेत नाही. निदान अजून तरी.

समोर आले की ओळखेल. तोंड बघून ओळखेल. मोठी बहीण आहे. मिठी मारायची, फोन काढून घ्यायचा, फेकायचा. एवढंच करायचंय.

१०.२०. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितेय.

१०.३०. बस नाही.

१०.४०. बस आली. थांब्याच्या थोडी पुढे थांबली. लोक उतरताहेत — ताई. निळी बॅग. फोन कानाला. बोलतेय, हसतेय. कोणाशी —

मला पाहिलं. मी हात केला.

हसू गेलं. ती फोनमध्ये काहीतरी विचारतेय. ऐकतेय. मान डोलावतेय. माझ्याकडे बघतेय, कशाला तरी घाबरल्यासारखी — मला. मला घाबरतेय ती.

बस निघून गेली. ती मागे सरकतेय. मागे रस्ता आहे, बघत नाहीये — हाका मारल्या, माझ्या आवाजाने आणखी मागे — ओरडायचं नाही, गप्प — वहीत मोठ्या अक्षरात लिहून दाखवते —

ताई ती मी नाही मी इथे आहे फोन टाक मागे बघ मागे ट्र