नोंदीत नसलेल्या बायकोच्या नावे

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठावन्न, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. मन ठिकाणावर असल्याचं लिहा, असं वकीलबाई म्हणतात. ठिकाणावर आहे, पण पार हादरलेलं आहे.

सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. मी बेशुद्ध असताना निर्णय कोण घेणार, यासाठी रुग्णालयाने सरकारी नोंदींच्या ब्लॉकचेनला विचारलं, 'या बाई यांच्या पत्नी का?' तिथे लोकांची माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद असते. ती न उघडता फक्त हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळतं. ते उत्तर खरं आहे ना, हे तपासणं हीच माझी नोकरी. उत्तर आलं: नाही.

अरे देवा! मी पुन्हा पुन्हा तपासलं. जुन्या दप्तरातून नोंद चढली तेव्हापासून एक अक्षर बदललेलं नाही. सहकारी चाचरत म्हणाला, "साहेब, ब्लॉकचेन बरोबर आहे." म्हणजे चूक माझ्या संसारात!

घरी आलो. बायको लिफ्ट दुरुस्तीची नोकरी करते. पाना पुसत होती.

"लग्नाच्या नोंदवहीत मी सही केलीच नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही फोटोवाल्याला शोधायला बाहेर गेलात, तेव्हा आई म्हणाल्या, सही झाली की नोकरी सोडायची. मी पेन खाली ठेवलं."

"आणि इतकी वर्षं?"

"राहिले की. कुणी बांधून ठेवलं नव्हतं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"जगाचं तपासताय, म्हटलं कधीतरी घरचंही तपासाल."

मी वकीलबाईंना फोन लावला आणि कागद पुढे ओढला.

१. आम्हाला मूलबाळ नाही आणि तिची नोंद नाही, म्हणजे वारस माझा धाकटा भाऊ ठरणार. म्हणून स्पष्ट लिहितो: राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि खिडकीजवळची खुर्ची, सगळं तिचं.

२. माझं ड्रिल मशीन भावाने नेलंय, ते त्याला लखलाभ. पण 'दादाने दिलं' असं सांगत फिरू नये. मी दिलेलं नाही.

३. आई आता नाही, तिच्यावर राग धरून उपयोग नाही. तरी धरतो.

४. 'तुम्ही यांच्या कोण?' असं तिला कुणी विचारलं, तर हा कागद त्याच्या तोंडावर मारावा.

एवढं लिहून तिला म्हटलं, "उद्याच नोंदणी कार्यालयात जाऊ."

"घाबरून सही मागू नका," ती म्हणाली. "आधी भुलीतून जागे व्हा. मग विचारा, तेव्हा सांगेन."

सबब हे मृत्युपत्र इतक्यात कुणाच्या उपयोगी पडू नये, हीही इच्छा नोंदवतो. मला जागं व्हायचं आहे.

साक्षीदार: तळमजल्यावरचे घड्याळजी (सही), वकीलबाईंचे कारकून (सही)
लिहून देणार: तिचा, नोंदीत नसलेला, नवरा (सही)
स्थळ: आमचं स्वयंपाकघर
दिनांक: ऑपरेशनआधीचा गुरुवार