कैलासाचा बर्फ

मुळगाव, डिचोली
२१ ऑगस्ट २०१६

प्रिय गोकुळदास,

तुला आणि प्रभावतीला वहिनीचे आशीर्वाद, पोरांना गोड पापा.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. इकडे शेत हिरवंगार आहे. चवथ जवळ आली. माझ्या गौरेशने गणपतीवर फळं-भाज्या टांगायची माटोळीची चौकट पुसून ठेवली आणि 'काका कधी येणार' म्हणून मला भंडावून सोडलंय. प्रभावती म्हणते, यंदा तू येणार नाहीस. मुरगावला कसली रे तुझी चवथ? गणपती इथे. हे गेल्यापासून पूजेला तूच बसतोस.

तुझ्या खोकल्याचं कारणही तिनेच सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं.

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी तू कुठल्याशा जुन्या कारखान्याचं बॉयलरघर पाडायच्या कामावर होतास. आदल्या चवथीला समईने आरासीतले कापसाचे ढग पेटले होते, थोडक्यात निभावलं होतं. म्हणून तू पाइपांवरून सोललेल्या पांढऱ्या लोकरीचं पोतं बसमधून घेऊन आलास. "वयनी, कापसापरस मोव, आनी उज्यांत जळना!" कापसाहून मऊ आणि आगीत न जळणारी लोकर आणली म्हणून केवढा फुशारला होतास! गणपतीमागे कैलास उभा केलास. एवढासा गौरेश "काकान बर्फ हाडला!" म्हणत वाडाभर नाचला, मुठी भरभरून त्याने तो डोक्यावर उधळला. पुढे कितीतरी चवथींना मी तेच पोतं माळ्यावरून काढायची, बर्फ फुलावा म्हणून हातांनी पिंजायची.

त्याला अ‍ॅस्बेस्टॉस म्हणतात, त्याची धूळ छातीत बसून कितीतरी वर्षांनी आजार काढते, हे तुला कुठे ठाऊक होतं? काम देणाऱ्यांनी तुला नाकाला बांधायला फडकंसुद्धा दिलं नाही.

आता तुला न कळवलेलं लिहिते. शिगम्यानंतर माझ्या छातीतलं पाणी काढलं. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या कारखान्यात होता? मला हसूच आलं. डिचोलीच्या बाजारापलीकडे मी कधी गेले? घरी-दारी खाणीची धूळ म्हणून सांगितलं. मुळगावात ते कोणालाही पटतं. पण प्रभावतीचं ऐकलं आणि माळ्यावरचं ते पोतं आठवलं. तुझा राग आला. खूप आला. तुझं नाव काढलं की मी उठून जायची.

माझं व्हायचं ते झालं. गौरेशला अजून काही त्रास नाही, पण त्याला तपासून घ्यायला हवं, आणि का ते सांगायला हवं. मी एकटीने सांगितलं तर तो तुलाच दोषी धरेल. तू तिकडे तोंड लपवून बसलास तर ते त्याला खरंही वाटेल. म्हणून ये. पूजेला बस. आरती झाली की त्याला समोर बसवून सगळं सांग. मी शेजारी असेन.

नाही आलास तरी मी त्याला सांगणारच. पण माझ्यामागे त्याला काका लागेल, गोकुळदास. तो त्याच्यापासून तोडून मला जायचं नाही.

अजून रागावलेली, तरी तुझीच,
शेवंती वहिनी