सहा वेळा ‘व्हय महाराजा’

मार्गशीर्ष, रविवार, दिवेलागणीला

मी सांगत्ये आणि नात मनाली लिहिते आहे. आज तिचीच चूक सांगायची आहे, म्हणून बाईसाहेबांचा हात जरा जड चाललाय.

उद्या वाडीची राखण, राखणदार देवाला वर्षाचा मान द्यायचा दिवस. हे गेल्यापासून देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान माझ्या थोरल्याकडे आलाय. मुंबईत नोकरी करण्यात त्याचा जन्म गेला, चार माणसांत तोंड उघडत नाही. उद्या अडखळला तर वाडी वर्षभर हसेल. म्हणून मी गाऱ्हाणं सांगितलं आणि मनालीने कागदावर उतरवलं. दर मागणीला लोक ‘व्हय महाराजा’ म्हणतात, तसं मीही दर वेळी सांगितलं. हिने एकदाच लिहिलं.

“आजी, तेच तेच कशाला? कळतं की!”

थोरल्याने वाचलं. पोरंबाळं, गुरंढोरं, आंबा, पाऊस, सगळं एका दमात. आम्ही ‘व्हय’ म्हणायला तोंड उघडतोय तोवर हा पुढे. देवाला तरी काय कळणार?

मग दर ओळीखाली ‘व्हय महाराजा’ लिहायला लावलं. सहा वेळा. त्याने पुन्हा वाचलं. आम्ही ‘व्हय महाराजा’ म्हणेपर्यंत त्याला श्वास मिळाला, पुढची ओळ आठवली, आणि काय मागितलं ते आम्हालाही कळलं. तिसऱ्या खेपेला कागदच सापडेना, तरी सगळं म्हणाला. अगदी ह्यांच्यासारखं, थांबत थांबत.

कागद माझ्या मांडीखाली होता. हे लिहू नको म्हटलं होतं. सहा वेळा सांगितलेलं गाळते आणि नको म्हटलेलं बरोबर लिहिते, बघा!