धूम्रलेखा आणि तिच्या डब्यांची विल्हेवाट

मी, सौ. वैजयंती निखिल केळुसकर, वय छप्पन्न, धंदा संस्कृत शिकवणे, राहणार करंजाडे, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. बुद्धी जागेवर आहे. रक्तदाब शेजारच्या मालतीबाईंपेक्षा चांगला आहे. मग घाई कसली? उद्या रविवारी जासईला आमचं इंजिन पहिल्यांदाच स्वतःच्या वाफेवर धावणार आहे आणि ते मी चालवणार आहे. हे ऐकून माझा धाकटा भाऊ बंडू फोनवर एवढंच म्हणाला, "ताई, आधी मृत्युपत्र कर." त्याचा सल्ला मी आयुष्यात प्रथमच मानत आहे.

न्यायालयाच्या माहितीसाठी थोडा खुलासा. जासईजवळच्या एका बंद मिठागरात मीठ वाहायची छोटी लाइन होती. आम्ही काही हौशी मंडळींनी ती झाडाझुडपांतून उकरून काढली. रूळ आमच्या या हौशी मंडळाचे, इंजिन आणि डबे माझे, भंगारातून एकेक करून आणलेले. बॉयलर पास होईपर्यंत आमच्याकडे अशी रीत होती की उतारूंनी तिकीट काढायचं, बांधाच्या चढावर खाली उतरून गाडी ढकलायची आणि उतार आला की पुन्हा मिठाच्या डब्यांत बसायचं. काही कुटुंबं तर केवळ ढकलायला येत. एका काकांनी मला विचारलं, "मॅडम, तिकीट आमचं, ढकलायचं पन आमीच, मग तुमी काय करता?" मी हिरवा झेंडा दाखवते, असं मी नम्रपणे सांगितलं.

आता वाटणी.

कलम १. करंजाड्याचा फ्लॅट माझे पती निखिल यांना, विनाअट. अट एकच, ह्यांच्या हातात मोजपट्टी देऊ नये. आमचा एकुलता प्रवासी डबा लिलावात घेण्याआधी रुळांमधलं अंतर मोजायला मी ह्यांना पाठवलं होतं. ते आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजतात, हे रेल्वेच्या नादी लागलेल्या कोणालाही ठाऊक असतं. ह्यांनी बाहेरून बाहेर मोजलं. क्रेनने डबा खाली ठेवला, तर दोन्ही रूळ त्याच्या चाकांच्या मधे ऐसपैस मावले. "थोडासाच फरक आहे गं," हे म्हणाले. डब्याचं नाव मी विशाला ठेवलं. हा आपला गौरव आहे, असं ह्यांना अजूनही वाटतं.

कलम २. सदर विशाला बंडूला. त्याचा एपीएमसी मार्केटात मसाल्याचा गाळा आहे आणि हायवेवर रेल्वेच्या डब्यात हॉटेल काढायचं त्याचं स्वप्न आहे. विशाला कुठे जाऊ शकत नाही, तेव्हा तिच्यात मिसळ खपली तर मला आनंदच आहे. पण बंडूचा डोळा इंजिनावरही आहे. "पुढे इंजिन उभं करू, ताई. चाकं सिमेंटमध्ये फिक्स, चिमणीत लायटिंग, लोक सेल्फी काढतील!" धूम्रलेखा, म्हणजे आमचं इंजिन, ह्याला मिळणार नाही. तिच्या चाकांना सिमेंट लागलं, तर मी असेन तिथून परत येईन. त्यासाठी लागणारे मंत्र मला पाठ आहेत.

कलम ३. मिठाचे चार उघडे डबे आणि शेवटचा गार्डाचा डबा मंडळाला, एकत्र. बागेत झाडं लावायला एखादा डबा मागणाऱ्यांना चहा पाजून परत पाठवावं.

कलम ४. पाने, हातोड्या आणि तेलाची बुधली आमचे बॉयलरवाले केतन यांना. मोठा पाना दोन वर्षांपासून त्यांच्याच घरी आहे. तो त्यांना मिळाला असं समजावं, म्हणजे त्यांनाही तोंड चुकवावं लागणार नाही.

कलम ५. धूम्रलेखाच्या बॉयलरवरचा पितळी घुमट पार्किंगमध्ये ठेवला म्हणून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला तीन नोटिसा दिल्या. त्या नोटिसा मी जपून ठेवल्या आहेत. त्यांना साभार परत द्याव्यात.

कलम ६. धूम्रलेखा बंडूची मुलगी ऋता हिला, वर्षातून निदान एकदा ती पेटवून चालवावी या अटीवर.

इथवरचा मजकूर आज दुपारी मी सर्वांसमोर वाचला. वकील राजश्री हजर होत्या. ऋताने मधेच हात वर केला.

"आत्या, म्हणजे तू गेल्यावर इंजिन माझं?"

"हो."

"आणि शिकवणार कोण? बाबा?"

"भजी तळायला शिकवीन की," बंडू म्हणाला.

"बाबा, गप्प बसा हो. आत्या, कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, पाणी कमी झालं की काय करायचं, मला काही येत नाही. असं आयतं दिलंस ना, तर टेन्शन येऊन मीच पहिली सिमेंट मागवीन. द्यायचं तर आता दे. उद्या मला चालवू दे, तू बाजूला उभी राहा."

राजश्री म्हणाल्या, "मॅडम, मग मृत्युपत्रात कशाला? बक्षीसपत्र करा, आजच."

चालकाच्या त्या जागेची मी बारा वर्षं वाट पाहिली आहे. त्यामुळे ऋताची चूक काढायला मी कलम ६ पुन्हा वाचलं, आणि चूक माझीच निघाली. ही घटना किती दुर्मीळ आहे, ते निखिल शपथेवर सांगतील. माझ्यामागे कोणाला चालवताच येत नसेल, तर धूम्रलेखा सिमेंटमध्येच जाणार, मी कितीही कलमं लिहिली तरी. हे मला मृत्युपत्राच्या सहाव्या कलमात कळावं, म्हणजे शिकवण्यात घालवलेली तीस वर्षं पाहता जरा उशीरच झाला.

सबब कलम ६ रद्द. धूम्रलेखा आज, माझ्या हयातीत, ऋताला बक्षीस दिली आहे. उद्या ती चालवील, मी बाजूला उभी राहून सूचना देईन, आणि त्या तिने ऐकल्याच पाहिजेत असं नाही. बंडू कोळसा टाकील. त्याने स्वतःहून विचारलं, हे इथे नोंदवून ठेवते, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

शिट्टीची दोरी मात्र या बक्षिसात धरलेली नाही. ती मरेपर्यंत माझ्या हातात राहील. फाटक आलं की ओढीन, आणि आमच्या लाइनीवर फाटक नाही, म्हणून मनात येईल तिथे ओढीन. माझ्यामागे ती कोणाकडे जावी, हे मी मुद्दाम लिहीत नाही. भांडा.

ठिकाण : करंजाडे, नवी मुंबई
दिनांक : शनिवार, ७ फेब्रुवारी २०२६

(सही) वैजयंती निखिल केळुसकर

साक्षीदार : वरील सही आम्हां दोघींच्या समक्ष झाली. सही करताना त्या तोंडाने कूऽऽक असा आवाज काढत होत्या, पण पूर्ण शुद्धीवर होत्या.

(सही) अ‍ॅड. राजश्री
(सही) मालतीबाई (माझा रक्तदाबही चांगलाच आहे)