सातशे शहाऐंशी नंबरचं लोणचं

जुन्नर, ता. १७ जून १९५६

परममित्र भिमाजीभाऊ, मुक्काम महाळुंगे पडवळ, यांस अजीज लोणचेवाल्याचा सलाम आणि रामराम. (एक तुला, एक वहिनींना, वाटणी तुम्ही करा.) तुझा गुडघा काय म्हणतो, शीलाच्या लग्नाचा मांडव कुठवर आला, व्याही अजून बोलतात ना, हे कळव. आमची बरणी पोचली असेलच. तिचं फडकं अजून सोडलं नसेल असं धरून पुढचं लिहितो.

आधी हिशेब. एक तीन आकडी नंबर मला कितीला पडला? छपाई सात रुपये, डिंक दोन आणे, सरकारी साहेबांचा पांढरा सदरा परटाकडून दोनदा धुऊन घेतला त्याचे सहा आणे, तीस बाटल्या लोणचं उकिरड्यावर, आणि घरात माझी जी काही पत होती ती सगळी.

झालं असं की, खाण्याच्या मालासाठी सरकारने नवा कायदा काढलाय. बाटलीच्या चिठ्ठीवर बॅच नंबर पाहिजे. बॅच म्हणजे काय ते वकिलाने आठ आणे घेऊन सांगितलं: एका वेळी कालवलेला माल, म्हणजे आपला घाणा. घाण्यागणिक नंबर वेगळा, म्हणजे एक बिघडला तर तेवढाच उचलता येतो. (हे शेवटचं तो सांगत होता तेव्हा मी आठ आणे मोजत होतो.) आता नंबर द्यायचा तर कोणता? एक दिला तर दुसऱ्या घाण्याला दोन द्यावा लागणार, आणि दोन नंबरचं लोणचं जुन्नरच्या बाजारात घेणार कोण? तू वहीच्या डोक्यावर श्री घालतोस, आमच्याकडे ७८६ लिहिल्याशिवाय कोरी वही उघडत नाहीत. एवढा बरकतीचा नंबर घरात असताना परका कशाला, म्हणून छापखान्यात सांगितलं, हाच टाक, हजार चिठ्ठ्यांवर. तुला दाखवली तेव्हा तूही म्हणालास, अजीजभाऊ, झ्याक दिसतंय. तेव्हा या गुन्ह्यात तू साक्षीदार आहेस.

मंगळवारी अन्न तपासणारे साहेब आले. हातात आमचीच एक बाटली, वर बोटभर बुरशी. कुणा गिऱ्हाइकाने कचेरीत नेऊन दिली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा बाटली परत आली, भाऊ. मी हातगाडीवर आवळे विकून वर आलेला माणूस, आणि हा धंदा मी या दोन कानांवर उभा केलाय हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. बरणीला कान लावला की लोणचं आत मुरतंय की कुरकुरतंय ते मला ऐकू येतं. साहेबांना मी हे सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. ७८६ नंबरची बॅच तेवढी बाहेर काढा म्हणाले, नष्ट करायची आहे. कोठीत नेलं. दोनशे चाळीस बाटल्या, सगळ्या ७८६. बाकीच्या बॅचा कुठंयत, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, साहेब, आमच्याकडे सगळा माल एकाच नंबरचा असतो. ते गार आवाजात म्हणाले, कागदावर हा सगळा माल एकाच परातीत कालवलेला आहे, तेव्हा सगळा जाईल. (एवढी परात करायची तर शिवनेरीवरचं एखादं टाकं पालथं घालावं लागेल.) वर्षाची कमाई त्या कोठीत होती, आणि तिला खड्ड्यात घालणारा नंबर मी स्वतः पैसे मोजून छापून घेतला होता.

तेवढ्यात आमची बिबिजान पदराला हात पुसत आली. तिने बाटली उजेडात धरली.

"ही ईदनंतरच्या दुसऱ्या शनिवारची हाय. फोडी साळूबाईच्या, ती आंबा चारच ठिकाणी फोडती. दुसऱ्या बाया आठ करत्यात. साळूबाई एकच दिस आलती. तीस बाटल्या आन एक मोठी बरणी भरली व्हती."

साहेबांनी विचारलं, पुरावा काय? तिने थोरल्या फोडींची एक बाटली उचलून त्यांच्याच हातात दिली, बूच काढा म्हणाली. बूच छताला लागलं आणि लोणचं सदऱ्याला. मग लहान फोडींची उघडली, तर ती गुमान उघडली. साहेबांनी त्यातली एक फोड खाल्ली, मग आणखी एक खाल्ली. थोरल्या फोडींच्या एकोणतीस आणि हातातली एक, अशा तीस मोजून त्यांनी उकिरड्यावर ओतायला लावल्या, आणि बाकीच्यांवर ७८६ च्या खाली घाण्याची तारीख घालायचा हुकूम दिला. बरणीचं विचारलं तेव्हा मी म्हणालो, घरात खाऊन संपली.

सर्वांना दुवा. मांडवाला पाणी लागू नये एवढंच मागणं.
तुझा,
अजीज

ता. क. बरणी घरात संपली नाही, भाऊ. ती तुझ्याकडे आहे. आमच्या दुकानातल्या चांदला हे पत्र आणि चांगली बरणी देऊन धाडलंय. पहिली त्याच्या स्वाधीन कर, आणि व्याह्यांसमोर फडकं सोडू नकोस.

दुसरा ता. क. साळूबाईला कुणी बोल लावू नये. बिबिजान त्या शनिवारी आंबा फोडून होताच घोडेगावला माहेरी गेली होती. मीठ मी घातलं. तुझ्या बरणीला कानही मीच लावला होता.