राउतूसाठी चमचे

१९ मार्च १९७९, सोमवार
शनिवारी टॅक्सी आली आणि लेम्पीला घेऊन गेली. सोबत मार्केता होती, आमची मुलगी. ती रोव्हानिएमीत चपलांच्या दुकानात काम करते, हॉस्पिटल तिच्या घराजवळ आहे. मी गेलो नाही. टॅक्सीत मला मळमळतं. शिवाय घरी कोणीतरी हवं.

लेम्पीला अन्न जात नव्हतं. गाडीत बसताना म्हणाली, राउतू असता तर दोन घास खाल्ले असते. म्हणजे औषध काय ते कळलं. डॉक्टर उगीच रक्त काढत बसतील.

राउतू हा मासा आमच्या इनारी सरोवरात बर्फाखाली अगदी खोल असतो, आणि मनात आल्याशिवाय तोंड उघडत नाही. निश्चय: गुरुवारपर्यंत एक राउतू. शुक्रवारच्या बसने शहर. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नये.

२१ मार्च
गळांची पेटी उघडली. सगळं गंजलेलं. ही कोणाची चूक? पेटी लेम्पी खिडकीखाली ठेवते. तिथे ओल येते. ती परत आली की सांगायला हवं.

लहान गळ वेगळे केले, मोठे वेगळे केले. मग वाटलं, मधले कुठे घालायचे? पुन्हा एकत्र केले. संध्याकाळ झाली. सरोवरावर जायचं राहिलं, पण तयारी निम्मी झाली.

२३ मार्च, शुक्रवार
बस आमच्या पत्रपेटीपाशी थांबली, ड्रायव्हरने हॉर्न दिला. हाताने जा म्हटलं. मंगळवारी जाईन. बस मंगळवारीही असते.

२४ मार्च
राइलीच्या दुकानात गेलो. बर्फातल्या मासेमारीचे पत्रे बघितले. पत्रा म्हणजे चमकणारं, चमच्याच्या आकाराचं आमिष, खाली तीन काट्यांचा गळ. लाल, नारिंगी, हिरवा, ठिपक्यांचा. पाकिटावर परदेशी लिहिलेलं. मी चारच इयत्ता शिकलो, पण खोटी वस्तू ओळखतो. राइलीला म्हटलं, यावर काय लिहिलंय ते वाचून दाखव. ती म्हणाली, काका, मासा पाकीट वाचून येणार आहे का? सगळ्या दुकानाला हसू आलं. दुकानात ताइस्तो एकटाच होता, पण तो दोघांचं हसतो.

ताइस्तो म्हणजे शेजारी. म्हणाला, अरे विल्हो, गळ निवडतोयस की सून?

नारिंगी घेतला. घरी येईपर्यंत वाटलं लाल घ्यायला हवा होता.

२७ मार्च, मंगळवार
गिरमिटाने बर्फात भोक पाडलं. हातभर बर्फ असेल असं वाटलं होतं, छातीएवढा निघाला. दम लागला. नारिंगी पत्रा सोडला आणि दोरी तुटली. गाठ मी स्वतः मारली होती, म्हणजे दोरीच खराब. हल्ली बोटं जरा थरथरतात, पण ती थंडीने.

बस गेली. मी सरोवरावर होतो. हॉर्न ऐकला.

२९ मार्च
वडील चांदीच्या पत्र्याने राउतू धरायचे. खोल काळोख्या पाण्यात चांदीच दिसते. हे आधी कसं सुचलं नाही!

लेम्पीच्या आईचे कॉफीचे चांदीचे चमचे कपाटात आहेत. निळ्या मखमलीची पेटी, बारा खाचा. बारसं, लग्न आणि मयत, एवढ्यालाच ते बाहेर येतात. उघडली तर चमचे अकराच. एक कोणी नेला? मार्केताच. लहानपणापासून तिला त्या पेटीचा सोस. मी बोललो नाही अजून, पण बोलणार.

दांडा करवतीने कापला, कानस मारली, दोन्हीकडे भोकं पाडली. सुरेख झाला. एक चमचा कमी झाला तर काय बिघडतं? आमच्याकडे बारा माणसं येतात कधी?

२ एप्रिल
पहिला चमचा तळाच्या दगडात अडकला. गेला. दुसऱ्याला भोक पाडताना तडा गेला. तिसरा वजनाला हलका. म्हणजे आता अंदाज आला. लेम्पी घरी आली की सोनाराकडून नवे करून आणू. तिला कळणारही नाही.

४ एप्रिल
ताइस्तो दारात उभा. हातात दोन राउतू, ताजे, गुलाबी. बर्फाखालच्या जाळ्यात सापडले म्हणाला. घे, परवा तिला नेऊन दे. मी नाही म्हटलं. जाळ्यातला मासा घाबरून मेलेला असतो, आजाऱ्याला बाधतो. शिवाय तो मी धरलेला नाही. ताइस्तो म्हणाला, अरे बाबा, मासा कोणी धरला हे तिच्या पोटाला कळणार आहे का? मी म्हटलं, कळतं. त्याने टोपी घातली. मग मासे घेऊन गेला. माणूस चांगला आहे, पण त्याला बारकावे कळत नाहीत.

७ एप्रिल
ताइस्तोची कमाल! काल बसने कवळी करायला शहरात गेला, आणि जाता जाता मासा हॉस्पिटलात देऊन आला. म्हणे तिथल्या बाईंनी उकडून दिला. लेम्पीने दोन घास खाल्ले. मला राग आला. दोन घास तर कोणीही संकोचाने खातं. मी नेईन तो अख्खा खाईल.

तिने काय विचारलं, असं मी विचारलं. ताइस्तो म्हणाला, म्हातारा जेवतो का, एवढंच विचारलं.

निश्चय: मोठा मासा. हातभर तरी.

१० एप्रिल, मंगळवार
माशीच्या अळ्या आणल्या, पत्र्याच्या गळाला एकेक टोचायच्या. बाहेर गारठून मरतात, म्हणून जुनी माणसं त्या गालात धरतात. मी घरात सराव करत होतो, तेवढ्यात फोन वाजला. मार्केता. म्हणाली, बाबा, डॉक्टर म्हणतात पोटात गाठ आहे, आता कापून उपयोग नाही. माझ्या गालात पाच-सहा अळ्या. तोंड उघडता येईना. नुसतं हं हं केलं. ती म्हणाली, बाबा, रडू नका हो. मी रडत नव्हतो. हे इथे लिहून ठेवतो. अळ्या होत्या.

डॉक्टर तरुण आहे म्हणे. तरुण डॉक्टर घाबरवतात.

१५ एप्रिल, ईस्टर
लेम्पीचा फोन आला. आवाज बारीक होता, लाइन खराब असणार. मी तिला पत्र्यांचं सगळं सांगितलं. चांदी, वजन, अळ्या, दोरी कुठली. चमचे म्हटलं नाही, चांदी म्हटलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, म्हाताऱ्या, मासा राहू दे. तू ये.

तिचा स्वभावच असा. कोणाला त्रास नको. म्हणजे मासा तर न्यायलाच हवा.

२० एप्रिल, शुक्रवार
नवीन भोक, बेटाच्या पलीकडे. काही नाही. दहावा चमचा हातातून निसटून थेट भोकात. हातमोजे जाड. राइलीने विकले.

बस थांबली नाही. ड्रायव्हरने आता हॉर्नही द्यायचं सोडलं आहे. गेलो असतो तर?

२४ एप्रिल
मार्केताचा फोन. ओरडली. बाबा, आई दाराकडे बघत असते. तुम्हाला काय झालंय? मी म्हटलं, बर्फ वितळायला लागला की राउतू वर येतो, चारच दिवस थांब. ती म्हणाली, कोण थांबणार, बाबा? आणि फोन ठेवला. आईवर गेली आहे, पण आईइतका धीर नाही. चमच्याचं विचारायचं राहिलं.

३० एप्रिल
चार दिवस सरोवराकडे फिरकलो नाही. खोकला. खरं तर खोकला फार नव्हता. गळांना धार लावली. सगळ्या गळांना. लेम्पीची चप्पल दारामागे आहे, तिच्यावर पाय पडला. उचलून दुसरीकडे ठेवली. मग परत तिथेच ठेवली.

३ मे, गुरुवार
लागला! शेवटच्या चमच्याला लागला. राउतू. पोट लालभडक, पाठीवर ठिपके. बर्फावर तडफडला. मी गुडघ्यावर बसलो आणि त्याच्याकडे बघत राहिलो.

पण लहान होता. वीतभरापेक्षा थोडा मोठा. दीड महिना वाट बघायला लावून हा न्यायचा? तिला वाटेल मी नीट प्रयत्न केला नाही. सोडून दिला. गळ काढताना दोरी तुटली आणि पत्राही त्याच्याबरोबर पाण्यात गेला. निर्णय योग्य आहे. पुढचा मोठा असेल. आता चांदी मात्र उरली नाही.

४ मे, शुक्रवार
ठरवलं. मासा नसला तरी मंगळवारी जातो. नक्की. धुतलेला सदरा काढून खुर्चीवर ठेवला. बस आज गेली, पण आज सदरा इस्त्रीचा नव्हता.

५ मे, शनिवार
सकाळी मार्केताचा फोन. पहाटे गेली.

८ मे, मंगळवार
मार्केता बसने आली. मी बसथांब्यावर उभा होतो, धुतलेल्या सदऱ्यात. ड्रायव्हर खाली उतरला, त्याने टोपी काढली. लेम्पीची पिशवी त्यानेच उतरवून दिली. चष्मा, गाऊन, कंगवा. आणि रुमालात गुंडाळलेला चमचा. बारावा. मार्केता म्हणाली, तिथल्या चमच्याला पत्र्याची चव येते म्हणायची, म्हणून घरून नेला होता.

मी चमचा पुन्हा रुमालात गुंडाळून तिला दिला.

१२ मे, शनिवार
दफन झालं. जमीन वर मऊ, खाली दगडासारखी. खणणाऱ्यांना फार त्रास झाला.

नंतर आमच्याकडे कॉफी. माणसं बारापेक्षा जास्त. मार्केताने मखमलीची पेटी आणली, टेबलावर उघडली आणि तशीच उभी राहिली. बारा रिकाम्या खाचा. राइलीने बघितलं, ताइस्तोने बघितलं. ताइस्तोने खिशातला चाकू काढला आणि त्याच्या दांड्याने आपली कॉफी ढवळली. मग बाकीच्यांनीही हाताला लागेल ते घेतलं. पळी, काटा, पेन्सिल.

पाद्रीबाबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. उभा राहिलो. तोंड उघडेना. आज गालात काहीच नव्हतं.

खाली बसलो. मार्केताने रुमालातला तो एक चमचा आणून माझ्या बशीत ठेवला. मी साखर कपात घालत नाही, खडा दातांत धरतो आणि वरून कॉफी पितो. लेम्पीही तसंच करायची. ढवळायला काही नव्हतं. तरी कॉफी गार होईपर्यंत ढवळत बसलो.