तिनं कापलेली शेवटची फुलं

४ मार्च
आज कामावर रुजू झाले. फुलांच्या दुकानात उभं राहून पाय मोडून घेतल्यावर हे म्हणजे सुखच! खोली, दोन वेळचं जेवण, पगार आणि काम काय, तर एक फुलदाणी सांभाळायची. वकीलसाहेबांच्या पत्नीनं, वारल्या त्याच सकाळी, बागेतून शेवंती आणि नेच्याची पानं कापून आणली होती. ती होईल तितकी टिकवायची. साहेब म्हणाले, तिचं एवढंच उरलंय. मला गलबलून आलं. फुलदाणी घासली, पाण्यात बुडणारी पानं काढली, दांडे तिरके कापले, चिमूटभर साखर आणि ब्लीचचे दोन थेंब टाकले. संध्याकाळपर्यंत फुलं कशी तरतरीत!

७ मार्च
पाणी गढूळ. कालच तर बदललं होतं! शिवाय कुणीतरी पिकलेल्या केळ्यांची फणी फुलदाणीला खेटून ठेवलेली. पिकत्या फळांशेजारी फुलं लवकर मान टाकतात, हे या घरात कितीदा सांगायचं? स्वयंपाकाच्या मावशी ऐकून घेतात. पालथ्या घड्यावर पाणी.

११ मार्च
आज फुलदाणी भर उन्हात, खिडकीत! मी राबराब राबायचं आणि सगळं मुसळ केरात. मावशींवर तोंडसुख घेतलं. त्या शांतपणे म्हणाल्या,
"मी हात लावत नाही, बाई. त्याच येतात खाली."
कोण त्या, विचारलं, तर वरच्या बंद खोलीकडे बोट दाखवून कणीक मळायला लागल्या.

१२ मार्च
तणतणतच वर गेले. पलंगावर बाईसाहेब बसलेल्या, खालच्या हार घातलेल्या फोटोतल्याच. म्हणजे जिवंत बायकोला साहेबांनी मेलेली ठरवलं, असंच वाटलं. हात धरला. गार. नाडी नाही. छातीला कान लावला. काहीच नाही. बोटांना कुजक्या पाण्याचा वास. आणि तरी त्या बोलल्या.
"फुलं आहेत तोवर मला सुटका नाही. फेकली तर तो उचलून आणतो. सुकू दे गं पोरी."
कशी खाली आले, आठवत नाही. आणि मी इतके दिवस त्यांना —

१३ मार्च
पाणी ओतून टाकलं. फुलदाणी चिनी मातीची, बाहेरून कळत नाही. साहेब मजेत. पाहुणे येणार म्हणून मला बागेतले गुलाब कापून आणायला लावले. मीच कापायचे, म्हणाले. आणले.

१७ मार्च
शेवंती पार वाळली. वर बाईसाहेब आडव्या, डोळे मिटलेले. सुटल्या.
साहेबांना सांगितलं. रागावले नाहीत. तुझा हात चांगला आहे, म्हणाले, तुला सोडवत नाही. स्वतः चहा करून दिला. कडू होता.
पाहुणे आलेच नाहीत. गुलाब साहेबांच्या खोलीत आहेत, टवटवीत. कुलूप लावलंय.

१८ मार्च
छातीत कळ. मग कळ थांबली. सगळंच थांबल्यासारखं —
दार बाहेरून बंद. मावशींना हाका मारतेय. सकाळपासून. घसा बसत नाही, दमही लागत नाही. आत्ता लक्षात आलं, मघापासून मी श्वासच —